बेचाळिसाव्या पानापासून

५ जानेवारी, रविवार

पुण्याच्या प्रकाशकांचं उत्तर आलं. तीन महिन्यांनी, चार ओळी. गोष्ट आवडली म्हणतात. सायकलवरून एकटी निघालेली तारा, धरणात बुडालेलं गाव शोधणं, सगळं आवडलं. ‘पण रेखाटन तुमचं वाटत नाही. या जपानी वळणाची चित्रं रोज येतात. पाया पक्का करा, नमुन्याची पानं पुन्हा पाठवा. जूनअखेरपर्यंत वाट बघू.’

गोष्ट माझ्या धाकट्या भावाची, संदेशची. चित्रं माझी. म्हणजे त्याचं होतं ते आवडलं, आणि माझं होतं ते माझं नाहीच.

आईला सांगितलं नाही.

८ जाने.

एक्स-रे रूममध्ये आज गर्दी कमी. बसून हिशेब लावला की मी हे वळण नक्की कधी उचललं. मी सातवीत, संदेश पाचवीत. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून त्यानं ते कॉमिक आणलं होतं. उलट्या बाजूनं उघडणारं, एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण ते डोळे! अर्ध्या चेहऱ्याएवढे. मी एकच चेहरा दिवसातून वीस-वीस वेळा काढायची. दहावीपर्यंत न बघता यायला लागला. सं. म्हणायचा, ‘ताय, तुझा हात म्हणजे मशीन आहे.’ मला ते कौतुक वाटायचं.

पुढं तो गोष्टी लिहायला लागला. आमचा नियम होता, तो एका वेळी एकच पान देणार, पुढचं मी वाचायचं नाही. तारावाल्या गोष्टीची एक्केचाळीस पानं झाली. मग मोहोळच्या रस्त्यावर त्याची गाडी… मार्चमध्ये चार वर्षं होतील.

त्याची फाईल कपाटात आहे. बेचाळीसपासून साठपर्यंत त्यात लिहिलेलं आहे. उघडलेली नाही.

१३ जाने., सोमवार

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सुरू, त्यामुळं पडलेले-धडपडलेले सारखे येतायत. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, गड्डम सर. बहात्तर वय. बाथरूमच्या पायरीवर घसरले, उजवं मनगट. चाळीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. हात सुजलेला, पण स्क्रीनवर फोटो आल्यावर दुखणं विसरले. डाव्या हातानं माझं पेन घेतलं आणि केसपेपरच्या पाठीवर मनगटाची आठही हाडं काढली. वेडीवाकडी रेघ, पण प्रत्येक हाड जागच्या जागी. मी डिप्लोमाला ती आठ नावं पाठ केली होती. काढली कधीच नव्हती.

‘तुझ्या बोटाला शाई हाय. काढतेस का काही?’

मोबाईलवर तारा दाखवली. बराच वेळ बघत होते.

‘हिला मनगट कुठंय, अम्मा? दिवसभर तू हाडांचे फोटो काढतेस, आन तुझ्या पोरीत एक हाड न्हाई.’

वाईट वाटलं. पत्ता घेतला.

१९ जाने., रवि.

पूर्व भागात सरांचं घर. शेजारी यंत्रमाग, टॉवेल निघतात. जमीन पायाखाली थरथरते. काकू दारात, ‘रा अम्मा, कूर्चो.’ ये, बस. एवढं तेलुगू सोलापुरात सगळ्यांनाच कळतं.

सरांनी स्टुलावर वीट ठेवली. म्हणाले काढ. काढली. ‘वरची कड मागं जाताना कुठं चालली, बघ.’ पुन्हा काढली. चौदा विटा. चौदावी जरा स्टुलावर टेकल्यासारखी दिसली.

निघताना अट सांगितली. जूनपर्यंत ती मोठ्या डोळ्यांची पोरगी बंद. एकदासुद्धा नाही.

मी हो म्हणाले.

२० जाने.

रजिस्टरच्या कडेला नकळत एक डोळा काढून झाला होता. खोडला.

२ फेब्रुवारी, रवि.

वीट, तांब्या, पाइपाचा तुकडा, दोऱ्याचा कोन. आईनं वही चाळली. ‘खोकीच खोकी काढलीत की गं. माणसं कुटं गेली?’ शिकतेय म्हटलं. ‘तुला येतंय की. आनि काय शिकायचं?’

पुढची वीट काढायला घेतली.

११ फेब्रु.

सांगोल्याकडची एक मेंढपाळ बाई, साठीची. मेंढा आडवा गेला, पडली, हात मोडला. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. बांगड्या असल्या की फोटो नीट येत नाही. फोडाव्या लागतील म्हटल्यावर उठून उभीच राहिली.

‘फोडायच्या न्हाईत. मालक जित्ता हाय माजा.’

साबण लावून एक-एक काढली. पाऊण तास. डोळ्यातनं पाणी, तोंडातनं आवाज नाही. शेवटी फोटो दाखवला तर म्हणाली, ‘ह्ये माजंच का? लई बारीक दिसतंय की.’

डबा खाताना तिचा हात आठवणीतनं काढला. कोपराची गाठ, खाली बारीक होत गेलेलं मनगट, आणि बांगड्या नसल्यामुळं उघडा पडलेला गोरा पट्टा. कुठल्याही पुस्तकातला नाही. तिचा हात.

खूप दिवसांनी जेवण गार झालेलं कळलं नाही.

२ मार्च, रवि.

सरांचं प्लास्टर निघालं. हात काटकीसारखा झालाय, बोटं वळत नाहीत. पेन्सिल धरायला गेले, सुटून पडली. मी उचलून दिली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी वाकले तर म्हणाले, ‘राहू दे तिला खाली.’

आज शिकवणी झाली नाही. काकूंनी चहा दिला. मागाचा आवाज तेवढा चालू होता.

९ मार्च, रवि.

आज एक्केचाळीस पानांचं बाड नेलं. सरच म्हणाले होते, एकदा सगळं बघू दे.

नववं पान. ‘हे कुठलं गाव?’

‘टेंभुर्णी.’

‘टेंभुर्णीत असले खांब हायत?’

बघितलं. विजेचे खांब, तारांचं जाळं, अरुंद गल्ली, कोपऱ्यावर गोल आरसा. सगळं त्या जपानी कॉमिकमधलं. मी टेंभुर्णीचा चौक म्हणून जपानमधली गल्ली काढली होती, आणि मला, सं.ला, आईला, कुणालाच ते दिसलं नव्हतं. चेहराच नाही तर रस्तासुद्धा मी उचललेला.

सर पानं उलटत राहिले. सव्विसाव्या पानावर थांबले. कोपऱ्यातली छोटी चौकट, भिंतीला टेकवलेली सायकल. ‘हे तू काढलेलं न्हाई.’

नाही. भावानं, म्हटलं. ते सं.नं काढलं होतं. मला ताप होता, तो म्हणाला एवढं मी करतो. हँडल वाकडं, एक चाक अंडाकृती. आम्ही दोघं किती हसलो होतो त्या सायकलीला.

‘चेन उतरलीय बघ हिची. पायडल खालच्या अंगाला. ह्या पोरानं खरी सायकल समोर ठेवून काढली. ह्याला काढता येत नव्हतं, पण बघता येत होतं.’

घरी येताना रिक्षात रडले, आणि त्याच्या आठवणीनं नाही. रागानं. चित्रं माझी होती. तेवढं एक तरी माझं होतं.

हे लिहायलाही लाज वाटते. पण लिहिते.

१६ मार्च, रवि.

संदेशचं पुण्यानुमोदन, चौथा स्मृतिदिन. भन्ते आले, वंदना झाली, पन्नासेक माणसं जेवली. त्याचा कॉलेजच्या आयकार्डवरचा मोठा केलेला फोटो. त्या फोटोत तो जरा दुसराच दिसतो, मान ताठ.

फोटोकडं बघताना एक गोष्ट लक्षात आली आणि घाबरले. डोळे मिटून त्याला आठवायला गेले की तो आमच्या कॉमिकमधला दिसतो. आठव्या पानावर मी त्याला ताराचा भाऊ म्हणून काढलाय ना, टोकदार हनुवटी, केस कपाळावर. तोच येतो. खरा येत नाही.

मामा विचारत होता, ते पुस्तक कधी छापून येणार. आई म्हणाली, ‘येईल की. चित्रं तयार हायत.’

१८ मार्च

आईला सांगून टाकलं. पुण्याचं उत्तर, सरांची शिकवणी, सगळं. म्हटलं, एक्केचाळीस पानं पुन्हा काढावी लागतील. मी आता नीट काढीन.

आई अंगणवाडीचं रजिस्टर लिहीत होती. पेन खाली ठेवलं.

‘ती पानं त्यानं बगितल्याली हायत. एकेका पानावर हात फिरवलाय त्यानं. तुजी नवी पानं त्यानं कुटं बगितलीत?’

‘आई, ती चित्रं चुकीची आहेत गं. तुझ्याकडची टेंभुर्णी पण त्यात टेंभुर्णी नाही.’

‘असू दे चुकीची. हात लावू नको.’

उठून आत गेली. दिवसभर बोलली नाही. मला कळतं तिचं. आणि पुण्याचंही कळतं.

गोष्ट तिच्याच गावाची आहे. उजनी धरणाचं पाणी आलं तेव्हा आई पाच वर्षांची. सं.नं तिच्याकडनं ऐकून-ऐकून लिहिली.

३० मार्च, रवि.

सरांकडं न जाता सकाळच्या एसटीनं टेंभुर्णी. चौकात रसवंतीच्या सावलीला बसून पाच तास काढलं. उसाच्या ट्रॉल्या, अकलूजच्या गाड्या, टपरीवर वाळत घातलेली ताडपत्री, डिव्हायडरवर बसलेल्या बाया. खांब इथं सिमेंटचे, चौकोनी, खाली पोस्टरं चिकटवून फाटलेली. गोल आरसा कुठंच नाही.

एक आजोबा मागं उभं राहून बघत होते. शेळीचं दावं हातात. मी त्यांना न विचारताच त्यांना कागदावर घेतलं होतं.

‘ह्यो मीच की!’

‘व्हय, तुमीच.’ माझ्या तोंडून त्यांच्यासारखंच आलं.

‘पाय वाकडा काडलाय.’

‘तुमी तसंच उभं हायसा, आजोबा.’

खाली बघितलं त्यांनी. ‘व्हय की. लई वरसं झाली त्याला.’ आणि हसायला लागले. शेळीनं वहीचा कोपरा खाल्ला.

चौदा वर्षं चित्रं काढतेय. आपण दिसलो म्हणून माझ्यासमोर कुणी हसलं, हे पहिल्यांदा.

१४ एप्रिल

जयंती. गल्लीत निळं-निळं. आईनं खीर केली. मिरवणुकीत ओळखीची पोरं नाचत होती, सं.च्या वयाची. आता नोकऱ्यांना लागलेली, दोघांची लग्नं झालेली. आई गच्चीवरून बघत होती. मी तिच्याकडं.

आम्ही आता बोलतो. पानांचा विषय काढत नाही.

२० एप्रिल, रवि.

अट मोडली. दोन महिने उरलेत, म्हणून तारा काढून बघितली.

येत नाही.

म्हणजे येते. हाडं आहेत, मनगट आहे, सायकलवर वजन नीट टेकलंय. पण ती तारा नाही. कुणीतरी मुलगी सायकलवर बसलीय, एवढंच. आधी रेघ सुटायची कशी, हात थांबायचाच नाही. आता प्रत्येक रेघेआधी थांबते, कड कुठं चालली, उजेड कुठनं येतो, खांदा कुठं. सहा कागद फाडले. मग जुन्या वळणात काढायला गेले तर तेही लटकं. हात मधेच अडकलाय. इकडचाही नाही, तिकडचाही नाही.

संध्याकाळी सरांकडं गेले आणि जरा जास्तच बोलले. म्हटलं, तुम्ही माझं होतं ते काढून घेतलंत.

सर रागावतील वाटलं. रागावले नाहीत. काकूंना म्हणाले ती ट्रंक आण. ट्रंकेत चाळीस वर्षांचे कागद. तांबे, घागरी, पडद्याच्या चुण्या, प्लास्टरचे कान, हात. काय काढलंय! मी असं जन्मात काढू शकणार नाही. सगळी ट्रंक बघितली.

‘ह्यात माझं कुठलं, सांग.’

मी एक-एक कागद पुन्हा उलटला.

‘परीक्षेला लागतं ते सगळं हाय. पोरांना दाखवायला काढलेलं. शाळेतनं घरी आलो की कागद घेऊन बसायचो. काय काढू, तेच सुचायचं न्हाई. तुला कुणाचा तरी नाद लागला म्हणून तू शाई लावून घेतलीस बोटाला. मला नाद लागलाच न्हाई कुणाचा. मी बरोबर काढत राहिलो.’

काकू म्हणाल्या, ‘पुरे की आता.’ ट्रंक बंद केली.

पाया पडून निघाले.

२२ एप्रिल

सरांना फोन केला. त्या दिवशी बोलले ते चुकलं म्हटलं. म्हणाले, ‘रविवारी हाताचा सांगाडा काढून आण. मग त्यावर मांस चढव. पुस्तकातनं नको. तुझ्याकडं फोटो हायत की.’

११ मे, रवि.

हाताचा सांगाडा. दोन रविवार टाळला. हॉस्पिटलच्या पेशंटचा वापरायचा नव्हता. आणि घरात एक आहे, हे मला माहीत होतं.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना संदेशला क्रिकेट खेळताना बॉल लागला होता. सरकारी दवाखान्यात माझी प्रॅक्टिकल चालू, मीच फोटो काढला. डावा हात. फ्रॅक्चर नव्हतं. ‘बघू बघू, मी आतनं कसा आहे,’ म्हणत फिल्म घेऊन पळाला. खिडकीला चिकटवून ठेवली होती कितीतरी दिवस. नंतर आईनं पाकिटात घालून कपाटात.

काढली. खिडकीशी धरली. सत्तावीस हाडं. करंगळीचं शेवटचं पेर आत वळलेलं. ते मी विसरले होते. फोटोतही कधी दिसलं नव्हतं.

आधी हाडं काढली. मग सांधे. मग स्नायू, जसे मेंढपाळ बाईच्या हाताचं चित्र दाखवलं तेव्हा सरांनी समजावले होते तसे. कातडी. नखं. तो नखं खायचा, म्हणून तोकडी. अंगठ्याच्या मुळाशी सायकलच्या चेननं झालेला व्रण, तो हाडात नसतो, मला आठवला. काढत गेले तसं आठवत गेलं. तीन तास लागले.

आई पाणी द्यायला आली. ग्लास हातात तसाच.

मी काही सांगितलं नव्हतं. नुसता हात आहे कागदावर, कुणाचाही असू शकतो.

‘करंगळी,’ एवढंच म्हणाली.

मग खाली बसली. कागदावर हात ठेवला नाही, कागदाच्या शेजारी ठेवला. तिचीही करंगळी तशीच आहे. सत्तावीस वर्षं तिच्या हातचं खाते, मला दिसली नव्हती.

दोघीही रडलो. चार वर्षांत एकत्र पहिल्यांदा. आधी ती मला बघून थांबायची, मी तिला बघून.

१२ मे

पौर्णिमा. विहारात गेलो. आईनं तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला होता. घडी पडेल म्हटलं. ‘पडू दे.’

१ जून, रवि.

सर हैदराबादला मुलाकडं चालले, कायमचे. घर भाड्यानं दिलं. शेवटची शिकवणी. खोलीत सामान बांधलेलं, स्टूल तेवढं बाहेर.

म्हणाले, ‘मी अर्धंच शिकवलं तुला. चेहरा राहिला. माणसाचं डोकं कसं बसवायचं, जबडा, कवटी, सगळं राहिलं.’

मी शिकीन म्हटलं. कुणाकडं, ते दोघांनाही माहीत नाही.

मग म्हणाले, ‘तो डोळा कसा काढतेस, दाखव की मला.’

मला वाटलं चेष्टा करतायत. पण कागद पुढं सरकवला होता. मी काढून दाखवला. वरची जाड कड, आतला मोठा गोल, त्यात दोन पांढऱ्या जागा सोडायच्या, पाणी आहे असं वाटतं. सरांनी उजव्या हातात पेन्सिल धरली. थरथरत होती पण सुटली नाही. माझ्या डोळ्याकडं बघून त्यांनी एक काढला. मग दुसरा. दुसऱ्याची पांढरी जागा चुकली तर खोडून पुन्हा. एखाद्या विद्यार्थ्यासारखे, ओठ दाबून.

‘मजा हाय ह्यात,’ म्हणाले. ‘लबाडी हाय, पण मजा हाय.’

काकू दारात उभ्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

कागद मी मागितला नाही. त्यांनीच ठेवून घेतला.

८ जून

त्यांची गाडी गेली असेल आज. रविवार मोकळा. काय करायचं सुचेना. विटा काढल्या.

१५ जून, रवि.

जूनअखेरला पंधरा दिवस. मी आईला काही विचारलं नव्हतं. तीच कपाटातनं फाईल घेऊन आली, सं.ची. धूळ पुसलेली. माझ्यासमोर ठेवली.

‘पुडचं काड.’

‘आणि मागची पानं?’

‘ती ऱ्हाऊ देत तशीच. तुमी दोघं तवा तसं काडत हुता. आता तू एकटी हाईस, आता जसं येतंय तसं काड.’

‘मधेच चित्रं बदललेली दिसतील आई. पुण्याला चालणार नाही ते.’

‘मग न चालू दे.’ जरा थांबून, ‘चालंल बी. मला काय म्हाईत.’

फाईल उघडली नाही. आज नाही.

२२ जून, रवि.

सकाळी उघडली. आमचा नियम पाळला. एकच पान काढलं, बाकीची न बघता झाकली.

निळ्या पेनचं अक्षर, घाईतलं. ‘पान ४२. पूर्ण पानाचं एकच चित्र. पाणी उतरलंय. ताराला गाव दिसतं. सायकल पडू दे खाली. ताय, डोळे एकदम मोठे काढ, पाण्यानं भरलेले, पान ९ सारखे. ते तू लय भारी काढलेस. लोक रडले पाहिजेत.’

हसले. मग हसू थांबेना, मग दुसरंच काहीतरी झालं.

सहा महिने जे सोडायला शिकले, तेच मागतोय. आणि त्याला आता सांगता येत नाही की अरे, मी बदलले.

दुपारी आईला विचारलं. तू एकदा बघितलं होतंस ना गं, पाणी आटलं तेव्हा, लग्नाआधी. गाव दिसल्यावर काय केलंस? रडलीस?

आई मेथी निवडत होती. ‘रडायचं काय त्यात. आमची घरं वड्याच्या कडंला, पाणी पयलं आमच्यातच शिरलं हुतं. तुज्या मामाला म्हनलं, हितं चूल हुती. आन बसले तितं.’

‘मग?’

‘मग काय. बसले. चुलीम्होरं बसत्यात तशी.’

एवढं बोलून ती थांबली. मेथीची काडी हातात तशीच. भिंतीकडं बघत होती, पण भिंत बघत नव्हती. डोळे मोठे झाले नाहीत, पाणी आलं नाही. उलट जरा बारीक झाले, धूर लागल्यासारखे. खालचा ओठ आत. असं किती वेळ, दहा सेकंद असतील. मग पुन्हा काडी मोडली आणि म्हणाली, मीठ संपलंय.

मीठ आणलं. मग कागद लावला. संध्याकाळपर्यंत गाव काढलं. भेगाळलेला गाळ, जोत्याचे दगड, ओढ्याची वाट, मागं लांब पाण्याची रेघ. पडलेली सायकल. तारा उभी, एक हात अजून पुढं, हँडल नुकतं सुटल्यासारखा. हात चांगला झालाय.

चेहऱ्याच्या जागी कागद कोरा आहे. संदेशला हवे ते डोळे मला झोपेतही येतील. आईचा तो चेहरा मी एकदाच बघितला, दहा सेकंद, आणि जबडा कवटीवर कसा बसवायचा ते सर शिकवायचे राहिले.

आई आत्ता येऊन बघून गेली. गाव बराच वेळ बघितलं. एका जोत्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘ह्ये जरा डावीकडं हुतं.’

खोडून डावीकडं घेतेय.